क्लच पेडल खाली बसतंय, दोन-तीनदा मारलं की गिअर पडतो. गिअरबॉक्स उतरवायलाच लागेल का?

कळव्याची_पिकअप
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. पप्पांची २००८ ची डिझेल पिकअप आहे, हायड्रॉलिक क्लचवाली. रोज पहाटे तीनला कळव्याहून निघायचं, तुर्भ्याला एपीएमसीत कांदा-बटाटा भरायचा आणि ठाण्यातल्या दुकानांना टाकत यायचं, असं गेली कित्येक वर्षं चालू आहे. आता महिनाभर झालाय, सकाळी क्लच ठीक असतो पण माल भरून विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की पेडल मऊ पडत जातं, पहिला टाकताना जोर लागतो आणि रिव्हर्स तर कर्रर्र आवाज केल्याशिवाय पडतच नाही. पेडल दोन-तीनदा पटापट मारलं की मात्र गिअर पडतो. वरची ऑइलची डबी आठ दिवसांत अर्धी होते, भरली की परत तेच.

गॅरेजवाले म्हणतात प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट टाका. तेवढे पैसे आत्ता नाहीत आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर दुकानं दुसऱ्याकडून माल घेतात. रविवारी मी आणि धाकट्या भावाने हवा काढून बघितली, तो पेडल मारायचा, मी खाली निप्पल (हवा काढायचा स्क्रू) सोडायचो, तासभर केलं तरी प्रेशर येईना, उलट पेडल होतं त्यापेक्षा खाली गेलं. प्लेटच गेलीय का? आणि हवा का निघत नाहीये?

रबाळ्याचा_मिस्त्री
भावा, आधी गिअरबॉक्सला हात लावू नको. तू लिहिलंयस त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पंप केल्यावर गिअर पडतो आणि ऑइल कमी होतं. क्लच प्लेट ऑइल पीत नाही. ऑइल जातंय म्हणजे कुठूनतरी गळतंय, आणि पंप केल्यावर फरक पडतो म्हणजे दोष मास्टर (पेडलजवळचा सिलिंडर), स्लेव्ह (गिअरबॉक्सजवळचा सिलिंडर) नाहीतर मधल्या होजमध्ये (रबरी नळीत) आहे. प्लेट गेल्याची खूण वेगळी, चढाला रेस वाढते पण गाडी त्या मानाने ओढत नाही, आणि जळका वास येतो. तुझं उलट आहे, तुझा क्लच पूर्ण सुटत नाहीये.

आता बघायचं कसं ते सांगतो. केबिनमध्ये पेडलच्या वर जिथून रॉड मास्टर सिलिंडरमध्ये जातो तिथे बोट फिरव, ओलं लागलं किंवा खालची मॅट चिकट असली तर मास्टर गळतोय. मग गाडीखाली जा (चाकांना लाकडी ठोकळे लावून, नुसत्या जॅकवर अजिबात नको), गिअरबॉक्सच्या बेलला (क्लच झाकणाऱ्या पुढच्या घंटेसारख्या भागाला) बाहेरून स्लेव्ह सिलिंडर असेल, त्याची रबरी टोपी हळूच मागे सरकव. आतून ऑइल ओघळलं तर तुझा चोर तोच. तिसरं, भावाला पेडल दाबून धरायला सांग आणि तू रबरी होजवर मूठ धर, जुना होज दाबाने फुगतो आणि मुठीला कळतं.

दोन्हीकडे कोरडं असेल, ऑइल कमी होत नसेल आणि तरी सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली उतरत असेल तर मास्टरची आतली सील पास होतेय, म्हणजे सीलच्या बाजूने ऑइल आतल्या आत मागे जातंय, असं समजायचं. तुझ्या बाबतीत ऑइल कमी होतंय, म्हणून माझा अंदाज स्लेव्हवर आहे.

घोडबंदर_टेम्पो
मिस्त्री बरोबर सांगतायत पण एक विचारतो, गाडी एवढी जुनी आहे तर एकदाच सगळं उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग करून टाकलेलं बरं नाही का? मी मागे नुसता स्लेव्ह बदलला आणि चार महिन्यांनी प्लेट गेली, मजुरी दोनदा भरली.

रबाळ्याचा_मिस्त्री
स्लेव्ह बाहेर असेल तर मजुरी दोनदा लागत नाही ना दादा, दोन बोल्ट आणि एक पाइप, तासाभराचं काम. काही गाड्यांत स्लेव्ह आत, रिलीज बेअरिंगसोबतच इनपुट शाफ्टवर बसवलेला असतो, त्यांचं मात्र तुम्ही म्हणता तसं, एकदा उतरवलं की सगळंच बदलायचं. कळवावाल्याने आधी खाली जाऊन बघू दे, नसलेल्या दोषासाठी पैसे कशाला घालवायचे.

ऐरोलीकर
हवा काढण्याबद्दल मी सांगते, माझे मिस्टर आणि मी आमच्या गाडीचं घरीच करतो. तुम्ही नक्की कसं केलंत? "पटापट मारायचा" असं केलं असेल तर तिथेच घोळ झाला. जोरात पंप केलं की हवा फेटली जाते, बारीक बारीक बुडबुडे होतात आणि मग ते निघता निघत नाहीत. पेडल हळू दाबायचं, दाबून धरायचं, मगच निप्पल अर्धा फेरा सोडायचं, पेडल तळाला गेलं की आधी निप्पल बंद आणि मग पेडल सोडायचं. हा क्रम चुकला, पेडल आधी सुटलं, की खालून हवा परत आत ओढली जाते, तुमच्याकडे हेच झालं असणार. प्रेशर नसताना पेडल आपोआप वर येत नाही, पायाने किंवा हाताने ओढून वर आणायला लागतं, त्याला घाबरू नका. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं म्हणजे बुडबुडे दिसतात. आणि वरची डबी कधीच तळाला जाऊ द्यायची नाही, दर चार-पाच दाबांनंतर भरत राहायचं.

तरी नाही आलं तर उलटी पद्धत करा, मला तीच आवडते. हवा स्वभावाने वर जाते आणि आपण पेडलने तिला खाली ढकलतो, क्लचच्या मास्टरमधून एका दाबात ऑइल अगदी थोडं सरकतं, त्यामुळे पाइपच्या उंच वळणात अडकलेला बुडबुडा थोडा खाली येतो आणि परत वर जाऊन बसतो. म्हणून मेडिकलमधून मोठी सिरिंज आणायची, फिश टँकची नळी लावायची, नळीतली हवा आधी काढून टाकायची आणि निप्पलमधून हळूहळू ऑइल वर चढवायचं. वरच्या डबीत बुडबुडे येताना दिसतात. डबी आधी जवळजवळ रिकामी करा नाहीतर ओसंडून बाहेर येईल आणि हे ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेकला लागतं तेच ऑइल). नवीन सीलबंद बाटली घ्या, उघडी राहिलेली नको, ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारू नका. पाणी शिरलं की आतून गंज लागतो आणि तो गंज सील कापतो.

घोडबंदर_टेम्पो
यात एक भर घालतो, स्टिअरिंग ऑइल किंवा इंजिन ऑइल थोडंसुद्धा टाकू नका. आमच्या ओळखीच्या एकाने रात्री अडचणीत टाकलं होतं, सगळ्या रबर सील फुगल्या, मास्टर, स्लेव्ह, होज सगळं बदलायला लागलं. आणि डबी ब्रेकसोबत एकच असेल तर आधी ब्रेक तपासा.

कळव्याची_पिकअप
सगळ्यांचे मनापासून आभार. स्लेव्ह बाहेरच आहे. टोपी सरकवली आणि काळं ऑइल हातावरच आलं. स्लेव्ह खोलला तर आत बोअरला (पिस्टन सरकतो त्या भोकाला) खड्डे पडलेले, नुसती किट (नवीन रबर सील) टाकून उपयोग नव्हता म्हणून पूर्ण स्लेव्ह आणि होज नवा टाकला. निप्पल गंजलेलं होतं पण ते जुन्या स्लेव्हसोबतच गेलं. पाइपचा नट गोल होईल अशी भीती होती, रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला आणि सकाळी पाना नीट बसवून सोडवला. ऐरोलीकर ताई, तुमची सिरिंजची पद्धत केली, वीस मिनिटांत पेडल आलं!! डबीत भडभड बुडबुडे आले, भाऊ वरून ओरडून सांगत होता.

पण आता नवीन त्रास. दोन दिवस मस्त चालली, काल माल भरून मुंब्रा बायपासच्या चढाला रेस वाढतेय आणि गाडी ओढत नाही. सकाळी थंड असताना असं होत नाही. म्हणजे प्लेट पण गेली का? पप्पा फार टेन्शनमध्ये आहेत.

रबाळ्याचा_मिस्त्री
थांब, घाई नको. पेडलच्या रॉडला हात लावलास का? लांबी बदललीस का?

कळव्याची_पिकअप
हो, पेडल अजून थोडं वर मिळावं म्हणून पुशरॉड (पेडलपासून मास्टरमध्ये जाणारा रॉड) दोन-तीन आटे लांब केला. आधी थोडा ढिला खेळ होता तो आता अजिबात नाही.

रबाळ्याचा_मिस्त्री
मग आधी तेच ठीक कर. मास्टरमध्ये डबीकडे जाणारं एक बारीक भोक असतं, पेडल पूर्ण वर असताना ते उघडं राहायला हवं. रॉड लांब केल्यामुळे पिस्टन आधीच थोडा पुढे बसलाय आणि भोक झाकलं गेलंय. इंजिन तापलं की ऑइल फुगतं, त्याला डबीत परत जायला वाट नाही, मग ते स्लेव्हला ढकलून ठेवतं आणि तुझा क्लच पाय न ठेवताच थोडा दाबलेला राहतो. तसाच चालवत राहिलास तर चांगली प्लेट जाळशील. रॉड परत आत घे, बोटाने पेडल दाबल्यावर आधी थोडा मोकळा खेळ आणि मग पिस्टनला टेकल्याचं जाणवलं पाहिजे. लॉकनट घट्ट कर. गरम असताना आत्ताच खात्री करायची असेल तर गाडी उभी करून खालचं निप्पल क्षणभर सोड, ऑइल जोरात बाहेर आलं तर दाब अडकलेला होता हे नक्की. मग निप्पल लगेच बंद कर.

याउपर स्लिप राहिली तर मात्र प्लेटच. तेव्हा गिअरबॉक्स उतरवताना स्लेव्ह पाइपसकट बाजूला तारेने बांधून ठेव, पाइप सोडू नको, म्हणजे परत हवा काढायला लागणार नाही. आणि तो बाहेर लटकत असताना कोणी पेडल दाबायचं नाही, पिस्टन उडून बाहेर येतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा दिसल्या तर लेथवाल्याला दाखव, क्रँकची मागची सील ओली असेल तर तीही तेव्हाच बदल, नाहीतर नवीन प्लेटवर ऑइल येईल.

कळव्याची_पिकअप
निप्पल सोडलं तर खरंच पिचकारी उडाली. रॉड मूळ मापावर आणला, खेळ ठेवला, लॉकनट आवळला. आज सहावा दिवस, रोज भरलेली गाडी मुंब्रा बायपासने नेऊन बघतोय, रेस आणि गाडी सोबत चालतात. डबीवर मार्करने रेघ मारलीय, ऑइल रेघेवरच आहे. आज पहाटे गाळ्यासमोर पप्पांनी रिव्हर्स टाकला, आवाज न करता पडला, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले "चल, लाव मागे".

ऐरोलीकर
वाचून खूप बरं वाटलं. बाटलीत उरलेलं ऑइल पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका हं.