पंचवीस फिल्सचं हरीण : दुबईतलं लहानपण (अनुभव धागा)

गच्चीवरची

आईचं कोथरूडचं घर आवरतेय. माळ्यावरून निडो दूध पावडरचा पिवळा डबा खाली आला. चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं, तर आत शर्टाची बटणं, हुक, काळ्या दोऱ्याची रिळं आणि तळाला चिकटलेली सात नाणी. एका बाजूला हरीण. २५ फिल्स. लेक म्हणाली, "आई, हे प्राणिसंग्रहालयाचं टोकन आहे का?"

तिथेच स्टुलावर बसले. आवरणं राहिलं ते राहिलंच.

बाबा १९७९ मध्ये दुबईला गेले, आम्ही १९८१ मध्ये. करामा भागात तीनमजली बिल्डिंग. सुट्टी शुक्रवारची. संध्याकाळी बर दुबईहून अब्रात बसायचं आणि खाडी ओलांडून देऱ्यात उतरायचं. माणशी एक हरीण, म्हणजे चौघांचा बरोब्बर एक दिरहम. अब्रा म्हणजे इंजिनाची लाकडी होडी, मधोमध पाठीला पाठ लावलेली बाकं, कडेला धरायला काही नाही. आई माझ्या फ्रॉकचा मागचा बो मुठीत घट्ट धरून बसायची, पैलतीरी पोचेपर्यंत त्याचा बोळा झालेला असायचा. अब्रावाला मधल्या खड्ड्यात उभा राहून पायाने चाक धरायचा आणि हाताने पैसे गोळा करायचा. पलीकडे गलबतं एकाला एक खेटून लागलेली, धक्क्यावर टायर, फ्रीज, चहाची खोकी. बाबा नाणी माझ्या हातात द्यायचे, "तू दे." या डब्यातली सात मी दिलीच नव्हती की काय, कोण जाणे.

मग लेकीला नकाशात घर दाखवायला बसले. सापडेना. डिफेन्स राउंडअबाउट शोधलं. अबूधाबीच्या रस्त्याला ते गोल आलं की बाबा म्हणायचे, "डिफेन्स आलं, संपली दुबई." पुढे वाळू, विजेचे खांब, एखादा उंट. आता तिथेच बुर्ज खलिफा आहे. आम्हाला उंच म्हणजे ट्रेड सेंटर, ३९ मजल्यांचं. आमच्या गच्चीतून दिसायचं, एकटंच उभं.

तुमचं लिहा. देरा, सतवा, शारजा, काहीही. नीटनेटकं नको.

कडक_चहा

गीझर!!! कुणी लिहायच्या आधी मी लिहितो.

बाहेरच्यांना पटत नाही. जून-जुलैत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की थंडच्या नळाला हात लावता यायचा नाही. म्हणून मे महिन्यात गीझरचं बटण बंद. गीझर घरात, एसीच्या गारव्यात, त्यामुळे त्याच्यातलं पाणी निवायचं. आंघोळ करायची ती गरमच्या नळाने. लाल टिपका म्हणजे थंड, निळा टिपका म्हणजे चटका. चौथीत पुण्याला आलो तेव्हा आजीच्या बाथरूममध्ये सवयीने लाल नळ पूर्ण सोडला. पाठीवर फोड. आजी अजून म्हणते, पोरगं दुबईला जाऊन खुळं झालं.

मृण्मयी_ठाणे

रुमाल टाकून ठेवते, पोळ्या चालू आहेत.

भाकरतुकडा

चिप्स ओमान. बास.

गच्चीवरची

@भाकरतुकडा नुसतं बास काय! कसं खायचात ते सांगा.

भाकरतुकडा

पराठ्यात. कॅफेटेरियावाला मल्याळी चेट्टा गरम पराठ्यावर चीज फासायचा, वर पाकीट मुठीत चुरडून भुगा ओतायचा, गुंडाळी करून कागदात. सोबत करक चहा, रेनबोच्या डब्यातल्या दुधाचा. सगळं मिळून दोन-अडीच दिरहम. आता पुण्यात हेच काहीतरी "अरेबिक रोल" म्हणून दोनशेला विकतात आणि त्यात चिप्स नसतातच.

कडक_चहा

निळ्या डब्यातलं क्राफ्ट चीज. सुट्टीला येताना बॅगेत सहा डबे. नातेवाइकांना वाटून झाले की रिकामे डबे पण मागायचे, पिठी साखरेला.

निवडुंग

मस्कत चालेल का?

गच्चीवरची

चालेल, पण मस्कतला डोंगर आहेत. तुम्ही पक्के वाळवंटवाले नाही.

निवडुंग

चिप्स आमच्याच देशाचे खाता आणि वर हे 😤

थर्डमॅन

शारजा. २२ एप्रिल १९९८. तारीख पाठ आहे कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती आणि मी गेलो नाही.

काकांच्या कंपनीतून दोन तिकिटं मिळाली. आम्ही उघड्या बाजूला. भारत फलंदाजीला, आणि मधेच क्षितिजावरून पिवळी भिंत यायला लागली. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं असेल, पण तिथे बसलेल्यांना काही दिसत नव्हतं हो. काकांनी शर्ट वर ओढून माझं तोंड त्यात घातलं. दातांत वाळू, कानांत वाळू, पोळीभाजीच्या डब्यात वाळू. लोक उठून निघाले. काका म्हणाले, तिकिटाचे पैसे वसूल झाल्याशिवाय हलायचं नाही. थांबलो. मग सचिन. १४३. मॅच हरलो तरी फायनलला पोचलो. शुक्रवारी, त्याच्या वाढदिवसाला, पुन्हा १३४. ते मात्र घरी टीव्हीवर, दुसरं तिकीट कोण देतंय.

येताना काकांची कोरोला १२० च्या वर गेली. तेव्हाच्या गाड्यांना १२० ओलांडलं की टिंग टिंग वाजायचं, आठवतंय का? शारजाहून देऱ्यापर्यंत ती गाडी वाजत होती. काकांनी आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर ती वाजवली नाही.

कडक_चहा

टिंग टिंग! आमचे बाबा मुद्दाम ११८ वर धरायचे. मागून आम्ही, "बाबा वाजवा ना."

अंगणवाली

@थर्डमॅन १९८६ च्या मियांदादच्या सिक्सरला माझे मिस्टर स्टेडियममध्ये होते. अजून त्या विषयावर बोलत नाहीत. आमच्या घरी चेतन शर्मा हे नाव घ्यायचं नसतं.

सुंठ_वडा

मी स्वतः कधी राहिले नाही, सासऱ्यांचं सांगते. ते १९६२ मध्ये मुंबईहून बोटीने गेले. तेव्हा दुबईला मोठं बंदर नव्हतं, बोट बाहेर समुद्रात थांबायची आणि उतारू लहान होड्यांतून किनाऱ्याला. रशीद बंदर व्हायला १९७२ उजाडलं. आणि गंमत म्हणजे तिथे रुपयाच चालायचा! खास आखातासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला. १९६६ मध्ये बंद झाला, दिरहम तर १९७३ चा. सासरे म्हणायचे, आम्ही परदेशी गेलोय असं वाटायचंच नाही, नुसती तहान लागायची.

गच्चीवरची

"नुसती तहान लागायची" 👌

उष्टावण

आमचा पत्ता म्हणजे पीओ बॉक्स. पोस्टमन ही व्यक्ती दुबईत नव्हतीच. सगळ्यांची पत्रं बाबांच्या ऑफिसच्या पेटीत. आजोबांचं पत्र आधी बाबा वाचणार, मग घरी. शाळेत मराठीच्या बाईंनी "आमचा पोस्टमन" निबंध दिला. मी लिहिलं, आमचा पोस्टमन म्हणजे बाबा, ते पांढऱ्या निसान सनीतून येतात आणि पत्र उघडूनच देतात. दहापैकी तीन.

गावातल्या गावात फोन फुकट होते, त्यामुळे मैत्रिणीशी गृहपाठ फोनवर, रिसीव्हर खांद्यात धरून. भारतात फोन म्हणजे मात्र आई घड्याळ समोर ठेवून बसायची.

मृण्मयी_ठाणे

पोळ्या झाल्या. मी सतव्याची.

देवळाची गल्ली कुणी लिहिली नाही अजून? बर दुबईला, खाडीच्या बाजूला, मोठ्या मशिदीच्या मागे. बोळ इतका अरुंद की आई पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना मोगऱ्याचे गजरे, कुंकू, नारळ, कापूर, आणि मधेच कुणीतरी पराती भरून वाफाळता शिरा घेऊन, "बाजू, बाजू." महादेवाचं देऊळ जिना चढून वर. बांग सुरू झाली की आतली घंटा क्षणभर थांबायची, असं मला आठवतंय, का मीच मनाने घातलंय माहीत नाही. चपला कुठे काढल्या ते लक्षात ठेवायचं काम माझं. पन्नास बाया, पन्नास एकसारखे बाटाचे सँडल.

महादेव २०२४ च्या जानेवारीत जेबेल अलीला गेले. तिथलं नवं देऊळ मोठं, स्वच्छ, पार्किंग वगैरे. गेल्या वर्षी गेले होते. चपला जिथे काढल्या तिथेच सापडल्या. करमलं नाही.

अंगणवाली

गणपती बादलीत विसर्जन करायचो. करामाची बाल्कनी, हिरवी प्लॅस्टिकची बादली, आणि खालच्या मजल्यावरचा पाकिस्तानी मुलगा दर वर्षी मोदकाला हजर. त्याच्या अम्मीकडून ईदला शेवया. तिने एकदा आईला उकडीची कृती विचारली. आई म्हणाली, तांदूळ बासमती नको. दोन वर्षं त्यांचं त्यावरच चालू होतं.

लाटकर_नाही

कुणाला आवडणार नाही, पण लिहितो. माझे वडील १९८३ ते ९५ तिथे एका कंत्राटदाराकडे वेल्डर. आम्ही साताऱ्याला. फ्लॅट, अब्रा, चीज वगैरे तुमचं. त्यांचं म्हणजे एका खोलीत आठ जण, दोन मजली खाटा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. दोन वर्षांनी एकदा घरी. मला ते पहिल्यांदा नीट आठवतात ते मी सहा वर्षांचा असताना. अंगणात उभा असलेला माणूस सेंटचा वास मारत होता आणि मी आईला सांगायला आत पळालो की पाहुणे आलेत.

दुबई वाढली म्हणता, ती काय आपोआप?

गच्चीवरची

बरं केलंत लिहिलंत. आमच्या बिल्डिंगच्या मागेच नवीन काम चालू होतं. दुपारी कामगार भिंतीच्या सावलीत पुठ्ठ्यावर झोपायचे, ती सावली जेमतेम हातभर. आई थंड पाण्याच्या बाटल्या खाली द्यायला मला पाठवायची. एक जण "कुठली गं तू?" असं मराठीत बोलला तेव्हा मी घाबरून बाटली तिथेच ठेवून पळाले. कोल्हापूरकडचा होता बहुतेक. पुढे रोज हाक मारायचा. नाव कधी विचारलं नाही मी.

लाटकर_नाही

हं. धन्यवाद. आईंना नमस्कार सांगा.

कडक_चहा

१९९० चं कुणाला आठवतंय? आम्ही सुट्टीला नाशिकला, बाबा दुबईत. २ ऑगस्टला कुवेतची बातमी आली आणि शेजारचे आजोबा नकाशा घेऊन आले, कुवेत ते दुबई पट्टीने मोजायला. परत गेलो तेव्हा वर्गात कुवेतहून आलेली एक मुलगी होती. तिच्याकडे दप्तर नव्हतं, पिशवीत वह्या. तिला सगळे आपापले खोडरबर द्यायचे. शेवटी तिच्याकडे वीसेक जमले.

भाकरतुकडा

वाळवंटात बर्फावर घसरायला शिकलेली आपली एकमेव पिढी. अल नासर लेझरलँड! भाड्याचे बूट, ओले मोजे, बाहेर ४५ डिग्री. आईने आत जाताना स्वेटर घालायला लावला म्हणून भर जुलैत टॅक्सीत स्वेटर घालून बसलो होतो.

निवडुंग

कुणाकडे त्या पराठ्याची नीट कृती आहे का? मैदा की कणीक?

भाकरतुकडा

मैदा हो. कणकेचा विचार पण नको.

मृण्मयी_ठाणे

अर्धा मैदा अर्धी कणीक चालते.

भाकरतुकडा

नाही चालत.

खेडचा_खारा

सलाम सगळ्यांना. धागा कालपासून वाचतोय, आज लिहितो.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, खेडजवळचे. आमच्या मोहल्ल्यात घर तिथे एक माणूस आखातात. अब्बा देऱ्याच्या धक्क्यावर मालाच्या हिशेबाला होते, १९७८ ते ९१. अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पत्राऐवजी कॅसेट. कुणी गावाला येणारं असलं की त्याच्या बॅगेतून टीडीकेची ९० मिनिटांची कॅसेट यायची. एक बाजू अब्बांची, दुसऱ्या बाजूवर आम्ही बोलून परत पाठवायची. मामू टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचे आणि अम्मी पदर सावरून बसायची, जसं काही ते समोरच आहेत. अब्बा एकेकाचं नाव घेऊन बोलायचे. माझ्या वाट्याला, "पोहायला नदीवर एकटा जाऊ नको आणि हिशेब नीट कर."

त्या सगळ्या कॅसेटमध्ये मागे एक टुकटुकटुक आवाज असायचा. अब्बा बोलायचे थांबले की तो मोठा वाटायचा. मामू म्हणायचे टेपचं हेड खराब आहे, स्पिरिटने पुसायचे. आवाज जायचा नाही. आम्ही तीस वर्षं तेच धरून चाललो, हेड खराब होतं म्हणून.

काल गच्चीवरची यांचं वाचलं आणि मोबाईलवर अब्राचा व्हिडिओ लावला. अम्मी स्वयंपाकघरात होती. तिथूनच म्हणाली, "कुणाची कॅसेट लावलीस?"

अंगणवाली

बाप रे.

थर्डमॅन

दादा, काटा आला.

गच्चीवरची

अम्मी काय म्हणाल्या मग?

खेडचा_खारा

व्हिडिओ दोनदा बघितला. म्हणाली, इतक्या आवाजात बोलत होते होय, म्हणून ओरडत असत. मला वाटायचं रागावलेत.

अब्बा २००४ ला गेले. घरात दुबईचं आता काही उरलं नाही, एक घोंगडी सोडून. तुमच्या सातांतलं एक हरीण मिळेल का? पोस्टाचे पैसे देतो.

गच्चीवरची

एक काय, दोन पाठवते, जायचं आणि यायचं. निरोपात पत्ता टाका. आणि पीओ बॉक्स नको, घरचा द्या.

निवडुंग

मैद्यात तेल किती?