मदत हवी आहे: ड्रॅमॅटिक सोप्रानो आवाजाची मुंबईत तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. माझी भाची २३ वर्षांची, दादरला राहते, पाच वर्षं पाश्चात्त्य गायन शिकतेय. तिच्या बाई म्हणतात, आवाज ड्रॅमॅटिक सोप्रानोचा आहे, म्हणजे बाईचा उंच पट्टीचा, पण मोठ्या वाद्यवृंदावरून माइकशिवाय पोचणारा दमदार आवाज. पण वाग्नरला (जर्मन संगीतकार, त्याच्या ऑपेरातल्या भूमिका गळ्यावर फार ताण देतात) तिशीआधी हात लावायचा नाही. पोरगी हिरमुसलीये.

मी तिला वाग्नरच्या भूमिकांसाठी गाजलेल्या नॉर्वेच्या गायिकेचं, कर्स्टन फ्लागस्टाडचं सांगितलं. १९१३ मध्ये नॉर्वेत पदार्पण, पुढे कितीतरी वर्षं तिकडेच, ऑपरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीत नाटकं, सुद्धा गायली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात १९३५ साली पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा वय ३९! आणि १९५० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड स्ट्राउसची शेवटची चार गाणी जगाने प्रथम ऐकली ती तिच्याच आवाजात.

पण मधली वर्षं भरायची कशी? सध्या मोझार्ट आणि शूबर्टची गाणी चालू आहेत. जर्मन भाषेसाठी काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जाणार आहे. पियानोवर बसून भूमिका, उच्चारांसकट, घोटून घेणारं मुंबईत कुणी आहे का? युरोपात ऑडिशन दिलेलं कुणी असेल तर खर्च आणि योग्य वय यांबद्दल कृपया लिहा. चुकीच्या घाईने तिचा गळा बिघडू नये, एवढीच काळजी आहे.