मदत हवी आहे : चौथ्या वर्षीच लेखनाचा आग्रह धरणाऱ्या पालकांना कसे समजवावे?

सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरात मी 3 ते 6 वर्षांच्या मुलांची लहानशी बालवाडी चालवते. बहुतेक मुले घरी मराठी आणि गल्लीत गुजराती बोलतात. चौथे वर्ष सरण्याआधी मुलाला दोन्ही लिप्यांतील मुळाक्षरे लिहिता यावीत, असा पालकांचा आग्रह असतो. एक मुलगी पेन्सिल मुठीत आवळून इतका जोर देते की टोकच मोडते. तीच मुलगी चिंचोके मात्र चिमटीत अलगद उचलून वाटीत टाकते. बोटे आणि मनगट तयार होण्याआधी तिच्यावर लेखन लादणे मला अन्यायाचे वाटते.

गिजुभाई बधेका यांनी 1920 साली याच गुजरातेत, भावनगरला, बालमंदिर सुरू केले आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे ते काम महाराष्ट्रात नेले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. परंतु असे दाखले देऊन पालकांचे समाधान होत नाही, आणि पहिलीच्या प्रवेशाची त्यांची धास्ती खोटीही नाही.

मणी ओवणे, मातीकाम, कागद फाडणे यांतून होणारी लेखनाची पूर्वतयारी पालकसभेत कशी दाखवावी, तिच्या नोंदी कशा ठेवाव्यात, आणि पुढे दोहोंपैकी कोणती लिपी आधी घ्यावी, याविषयी अनुभवी बालवाडीताईंनी कृपया सविस्तर लिहावे.