दुसरं दुकान कुठं टाकावं, मॅपवर डेटा पाहून ठरवता येते का? (नागपूर)

बेकरीवाली_खामला:
नमस्कार मंडळी. खामल्यात आमची बेकरी आहे, आता दुसरी ब्रँच मनीषनगर-बेसा साइडला टाकायचा विचार करून राहिलो. दोन गाळे पाहिले, एक मनीषनगरात रेल्वेलाइनच्या जवळ, दुसरा बेसा रोडवर, भाडं जवळपास सारखंच. ब्रोकर म्हणते एक किलोमीटरच्या आत भरपूर पब्लिक आहे, पण ते त्याचं बोलणं झालं, मला स्वतः नकाशावर पाहायचं आहे. जीआयएसनं, म्हणजे नकाशावर डेटा मांडून हिशेब करायच्या तंत्रानं, हे होते म्हणतात, फुकटात काय होईल आणि कुठून शिकावं? एक्सेल चांगलं येते, कोडिंग बिलकुल नाही.

नकाशाभाऊ:
ताई, क्यूजीआयएस टाका, जीआयएसचंच सॉफ्टवेअर, फुकट आहे, कोडिंग लागत नाही. पण तो एक किलोमीटरचा गोल मनातून काढून टाका, हे कळकळीनं सांगून राहिलो. मनीषनगरच्या गाळ्याभोवती गोल काढला की तो रेल्वेलाइन ओलांडून उज्ज्वलनगर-सोमलवाड्याकडं जाते, अन् तिकडची माणसं सकाळी पाव आणायला लाइन पार करून काऊन येतील, त्यांना वर्धा रोड आहे ना. रस्त्यानं मोजा. क्विकओएसएम प्लगइननं ओपनस्ट्रीटमॅपचे (लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा) रस्ते उतरवा, मग प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये नेटवर्क अ‍ॅनालिसिस, त्यात सर्व्हिस एरिया, गाळ्याचा पॉइंट द्या आणि अंतर ८०० मीटर. जिथवर पोचता येते तेवढेच रस्ते निवडून येतात. दोन्ही गाळ्यांचे एकावर एक ठेवून पाहा, बरंच काही तिथंच समजते. त्याआधी रस्त्यांचा लेयर यूटीएम झोन ४४ नॉर्थमध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत, बदला, कोड ३२६४४, नाहीतर माप डिग्रीत राहते आणि एक डिग्री म्हणजे साधारण १११ किलोमीटर.

आकडेमोड:
लोकसंख्येचं मी सांगते. २०११ च्या जनगणनेवर बेसा-बेलतरोडीचा हिशेब करू नका, आज तिकडे दिसणाऱ्या किती बिल्डिंगा तेव्हा उभ्या होत्या? त्यापेक्षा गुगलचा ओपन बिल्डिंग्ज डेटा घ्या, उपग्रहाच्या फोटोवरून काढलेले इमारतींचे आकार आहेत, सर्व्हिस एरियाच्या रस्त्यांलगतच्या तेवढ्या मोजा. मात्र त्या आकारावरून बंगला की सात मजली फ्लॅट स्कीम हे कळत नाही, आणि तुमच्या धंद्यात सगळा फरक तिथंच आहे. म्हणून एक संध्याकाळ मोबाइलवर क्यूफील्ड (क्यूजीआयएससोबत चालणारं अ‍ॅप) घेऊन फिराच, मजले टाका, कुलूपबंद फ्लॅट टाका, आधीच्या बेकऱ्या आणि डेली नीड्सवाले टाका, कारण नव्या लेआउटमधली छोटी दुकानं ओपनस्ट्रीटमॅपवर बहुतेक नसतातच.

नागनदीकाठी:
गाळा तळमजल्यावर असेल तर पाण्याचं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका हो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, दुकानांचे फ्रीज आणि माल चिखलात गेला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाचा जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो, त्यावरून पाणी कुठून कुठं वाहील हे क्यूजीआयएसमध्ये काढता येतं, पण तो ३० मीटरचा आहे, म्हणजे एका चौकोनात अख्खी गल्ली आणि दोन्हीकडची घरं येतात. कंपाउंड वॉल, बुजलेला नाला, कचऱ्यानं तुंबलेली पुलाखालची मोरी यातलं काहीच त्यात दिसत नाही. शेजाऱ्यांना विचारा पाणी कुठवर चढलं होतं, भिंतीवर मातीची रेघ अजून असते, टेपनं तिची उंची मोजा आणि पॉइंटला भरा. असे पॉइंट वस्तीवस्तीतून जमले तर कोणता नाला आधी साफ करायचा हे महापालिकेलाही ठरवता येईल, आणि हे काम आपण नागरिकांनी करायलाच पाहिजे.

नकाशाभाऊ:
+१. शिकायचं म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर क्यूजीआयएसचे धडे फुकट आहेत, देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्सही फुकट असतात. आणि आपल्या नागपुरातच व्हीएनआयटीच्या आवारात एमआरसॅक आहे, राज्याचं सुदूर संवेदन (उपग्रहावरून जमिनीची माहिती घेण्याचं) केंद्र, राज्य सरकारच्या खात्यांसाठी हेच काम करते.

बेकरीवाली_खामला:
खूप खूप आभार सगळ्यांचे. क्यूजीआयएस टाकलं, रस्ते उतरले, झोन ४४ पण लागला. मनीषनगरचा एरिया लाइनपाशी कापल्यासारखा थांबते, बेसा रोडचा तिन्हीकडं पसरते. पण तिथल्या गाळ्याच्या मागून नाला जाते, म्हणून रविवारी टेप घेऊन चालली. क्यूफील्डमध्ये फोटो त्याच पॉइंटला जोडता येतात का?

आकडेमोड:
येतात. फॉर्म बनवताना त्या फील्डला अटॅचमेंट विजेट लावा.