व्हार्टनच्या वाळूवाटा गाड्यांसाठी खुल्या असाव्यात का?

भटका_एडिसन: न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधील व्हार्टन राज्यवन सुमारे सव्वा लाख एकरांवर पसरले आहे. त्यातला ॲटसायनहून बॅट्स्टोच्या दिशेने जाणारा क्वेकर ब्रिज रोड, कोरडे दिवस आणि फोर-व्हील ड्राइव्हची जरा उंच गाडी असेल, तर नवख्यालाही जमतो. टायरची हवा थोडी कमी करावी आणि भुसभुशीत वाळूत मध्येच थांबू नये, एवढेच पथ्य. अशा वाटा बंद करा, ही मागणी मला पटत नाही. हुल्लडबाजांना जरूर दंड करा. एटीव्हींना, म्हणजे जाड चाकांच्या उघड्या चारचाकींना, तर तिथे मुळातच बंदी आहे. पण गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या माझ्यासारख्याला जंगल दिसते ते गाडीतूनच.

सदाफुली: असहमत. नुकसान करायला हुल्लडबाजच लागतात असे नाही. वाटेत मोठे डबके आले, की सभ्य चालकही गाडी रुतेल या धास्तीने ती कडेच्या झुडपांवरून काढतो, त्याच्या चाकोरीतून मागचे सगळे जातात आणि बघता बघता एका गाडीची वाट तिप्पट रुंद होते. लगतची उथळ तळी उन्हाळ्यात आटतात, म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत आणि नेमकी म्हणूनच बेडकांची अंडी तिथे वाचतात. तिथला काठ चाकांनी एकदा कालवला, की तो सावरायला वर्षे लागतात. निवडक वाटाच खुल्या ठेवण्याचा आराखडा 2015 मध्ये आला होता, तोही विरोधामुळे बारगळला.

भटका_एडिसन: सदाफुलीताई, जून 2022 च्या वणव्यात इथले तेरा हजार एकरांहून अधिक जंगल होरपळले. अशा वेळी बंब याच वाटांनी आत जातात. वाहतूक थांबली की वाटा झाडीत बुजणार, त्याचे काय?

सदाफुली: बंबासाठी फाटकाची किल्ली वनखात्याकडे असली म्हणजे पुरे, त्यासाठी आपल्या रविवारच्या सहलींची गरज नाही. शिवाय क्वेकर ब्रिज रोड बंद करा, असे मी म्हटलेलेच नाही. माझा आक्षेप आहे तो त्याला फुटणाऱ्या, तळ्यांकडे उतरणाऱ्या फाट्यांना. आईबाबांना बॅट्स्टोचे जुने गाव दाखवायचे असेल, तर तिथवर डांबरी रस्ता आहेच.

भटका_एडिसन: जुने गाव म्हणजे जंगल नव्हे, ताई. तळ्यांकडचे फाटे बंद व्हायला माझी हरकत नाही. मात्र प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी फलक हवा. नुसत्या नकाशावर रेघ मारून परक्या माणसाला दंड ठोठावणे मला मान्य नाही.