लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड किती ठेवावा?

प्रश्न: मी रोज आठ-नऊ तास लॅपटॉपवर लेखन करतो. पडद्याचा उजेड कायम पूर्ण ठेवल्यास मागचा दिवा लवकर क्षीण होतो का, आणि योग्य पातळी कशी ठरवावी?

उत्तर १: होय, फरक पडतो. पडद्यामागच्या दिव्यातले एलईडी सहसा एकाएकी विझत नाहीत, तर जास्त विद्युतप्रवाह आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता यांमुळे हळूहळू मंदावतात. म्हणून उजेड कमी ठेवला की त्यांचे आयुष्य वाढते. पातळी ठरवण्यासाठी पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचे रिकामे पान त्या कागदाइतकेच उजळ दिसेपर्यंत उजेड कमी-जास्त करा. खोलीतला प्रकाश बदलला की हे पुन्हा करावे लागते.

उत्तर २: कागदाची युक्ती उत्तम आहे. मात्र काही पडद्यांत उजेड फार कमी केल्यास दिवा वेगाने चालू-बंद होत राहतो आणि त्याने माझे डोके दुखत असे, त्यामुळे अगदी तळाची पातळी मी टाळतो.

उत्तर ३: स्क्रीनसेव्हरवर विसंबू नका. एलसीडीवर, म्हणजे मागून दिव्याचा उजेड लागणाऱ्या पडद्यावर, काळे चित्र असले तरी मागचा दिवा जळतच असतो. पाच मिनिटांनी पडदा पूर्ण बंद होईल अशी सेटिंग करा.