एकच संत्रा, एकच डिंक्या, मग शेजाऱ्याची बाग काऊन वाचते?

संत्रावाला_काटोल:
नमस्कार मंडळी. माझी नागपुरी संत्र्याची ४०० झाडं आहेत, नववं वर्ष चालू, काळी भारी जमीन. दोन पावसाळे झाले डिंक्यानं जीव खाल्ला. बुडाजवळ सालीतून डिंक वाहते, साल खरवडली की आत चॉकलेटी दिसते, मग पानं पिवळी पडून एकेक फांदी वाळते. बांधाला लागून शेजाऱ्याचं वावर, तीच जमीन तोच पाऊस, अन त्याची झाडं टवटवीत. त्याचा खुंट (कलमाखालचं मुळाचं झाड) रंगपूर लाईमचा, माझा जंबेरीचा. नर्सरीवाल्यानं मला रंगपूर म्हणूनच विकली होती, पण एका झाडाच्या खुंटाचा फुटवा वाढू दिला न त्याला नारिंगीच्या ऐवजी पिवळी खडबडीत फळं लागली तेव्हा समजलं. वरचं झाड दोघांचं एकच, मग नुसत्या खुंटानं रोग कसा अडते?

रोगशास्त्र_एमएससी:
दादा, डिंक्याचं मूळ फायटोफ्थोरा. आपण बुरशी म्हणतो पण ती खरी बुरशी नाही, तिच्या पेशीची भिंत ग्लुकन आणि सेल्युलोजची, आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ज्या प्रथिनावर काम करतं ते तिच्यात वेगळं, म्हणून ते कितीही ओता, तिला काही होत नाही. १८४५ ला आयर्लंडचा बटाटा जिनं सडवला ती करप्यावाली याच घराण्यातली. जमिनीत पाणी साचलं की हिचे बीजाणू शेपटीनं पोहत कोवळ्या मुळांच्या टोकाशी जातात, म्हणजे पहिली गाठ खुंटाशीच पडते.

आता झाड कसं लढतं ते बटाट्यात छान समजलंय. रोगकारक पेशीत स्वतःची प्रथिनं सोडून झाडाचा बचाव बंद पाडायला बघतो, आणि झाडात काही राखणदार प्रथिनं असतात, त्यांनी त्यातलं एखादं ओळखलं की लागण झालेली पेशी स्वतःच मरते, करप्याला वाढायला जिवंत पेशी लागते म्हणून तो तिथंच अडकतो, पानावर नुसता बारका ठिपका राहतो. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या जंगली बटाट्यातून अशी प्रथिनं बनवणारे ११ जीन मिळाले, पण एकेक जीन घालून काढलेल्या जातींवर करपा काही वर्षांत परत आला, कारण ओळखू येणारं प्रथिन त्यानं बदललं. म्हणून आता दोन-तीन जीन एकत्र घालतात, बंगळुरूच्या बागवानी संस्थेच्या अर्का अभेद टोमॅटोत करप्यासाठी दोन आहेत.

संत्र्याच्या खुंटात मात्र एका जीनवर सगळं नाही. साल रोगाला किती पसरू देते आणि कुजलेल्या तंतुमुळांच्या जागी नवी किती लवकर फुटतात, अशा बऱ्याच गोष्टी मिळून ती ताकद येते. म्हणून रंगपूर रोग सहन करतं, रोगमुक्त नसतं.

जुना_बागायतदार_नरखेड:
बरोबर लिहिलं बेटा. पण भाऊ, रंगपूरवरची झाडंही मी मरताना पाहिली आहेत, काऊन तर डोळा, म्हणजे कलमाचा सांधा, मातीत गाडला गेला होता. संत्र्याची स्वतःची साल या रोगाला नाजूक, माती तिथवर चढली की खालच्या खुंटाचा उपयोग शून्य. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर पाहिजे. उद्याच बुडाची माती ओढून बघा. अन बुडाला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यात सोडा, आतल्या आळ्यात खोड कोरडं राहते. चॉकलेटी साल चाकूनं हिरव्या भागापर्यंत काढून १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाण्याची बोर्डोपेस्ट लावा, पावसाच्या आधी अन नंतर.

संत्रावाला_काटोल:
काका आताच पाहून आलो, बऱ्याच झाडांचा डोळा मातीत आहे, ट्रॅक्टरनं माती चढली. आज ६० मोकळी केली. आता जंबेरी तर काढता येत नाही, मग काही उपाय?

रोगशास्त्र_एमएससी:
आहे दादा, पण मेहनतीचा. ज्या झाडाची निम्म्याहून जास्त साल चांगली आहे त्याच्या भोवती रंगपूरची दोन-तीन रोपं लावा, आणि ती पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांचा शेंडा डोळ्याच्या वर संत्र्याच्या निरोगी सालीत जोडा, यालाच भेट कलम म्हणतात. नव्या मुळांवर झाड उभं राहतं. पूर्ण गोल साल गेलेल्या झाडावर वेळ घालवू नका, ते मुळासकट काढा. रोपं यंदा मात्र नुसती पानं न बघता, नारिंगी फळ लागलेला रंगपूरचा मातृवृक्ष दाखवणाऱ्याकडूनच घ्या. नागपूरला अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत आधी चौकशी करा.